पान्ह्याची सुई आणि पेल्यातले दूध

पहाटेचे चार वाजले असतील. मुंबईच्या उपनगरातल्या एका तबेल्यात धारेच्या वेळी उभे राहण्याचा योग एकदा आला. पिवळ्या दिव्याच्या उजेडात म्हशींची रांग, खाली ओला कोबा, शेणाचा आणि भिजवलेल्या सरकीचा वास. खांबाला अडकवलेल्या पिशवीत शीतपेयाची जुनी प्लॅस्टिकची बाटली होती, आत पाण्यासारखा पातळ द्रव. एका पोऱ्याने झाकण काढून सिरिंज भरली आणि तो रांगेतून चालत गेला. एकेका म्हशीच्या मानेवर एकेक टोचा. सुई तीच. तो रांगेच्या टोकाला पोचेतो पहिल्या म्हशीच्या सडांतून दूध ठिबकू लागले होते.

"कसलं औषध हे?" मी विचारले.

"पान्ह्याचं. रेडकू नाही ना हिचं. याच्याशिवाय सोडत नाही."

बाटलीवर नाव नव्हते, कारखान्याचा पत्ता नव्हता, तारीख नव्हती. ते दूध तासाभरात कॅनमध्ये भरून घरोघर रतिबाला गेले. असा प्रसंग ज्याने पाहिला किंवा ऐकला, त्याच्या मनात तीन प्रश्न येतातच. या दुधाने माझ्या मुलांना काही होईल का? यावर सरकारचे लक्ष आहे की नाही? आणि मी स्वतः काय करू शकतो? या लेखात हे तिन्ही प्रश्न याच क्रमाने घेऊ, कारण पहिल्याचे उत्तर नीट कळल्याशिवाय पुढच्या दोन्हींत गोंधळ होतो.

आधी औषध ओळखा

बाटलीतल्या द्रवाचे नाव बहुतेक वेळा ऑक्सिटोसिन असते. हे हार्मोन, म्हणजे संप्रेरक, गाई-म्हशींच्या आणि बायकांच्याही शरीरात आपोआप तयार होते. नऊ अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात बनते आणि पिट्यूटरी ग्रंथीतून रक्तात उतरते. बाळंतपणात गर्भाशयाच्या कळा आणते, नंतर स्तनातले दूध बाहेर ढकलते. विन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

गोठ्यात आपण ज्याला पान्हा म्हणतो तो याच हार्मोनचा खेळ. वासरू ढुशी देते, सड चोखते, किंवा ओळखीचा हात कासेला लागतो; त्याची वर्दी मेंदूला जाते, साधारण मिनिटभरात ऑक्सिटोसिन कासेपर्यंत पोचते आणि दूध खाली येते. याचा जोर फार तर सात-आठ मिनिटे टिकतो. म्हणूनच जाणता गवळी एकदा धार लागली की गप्पा मारत नाही. जनावर घाबरले, कोणी काठी उगारली, तर अ‍ॅड्रिनलिन आडवे येते आणि पान्हा चोरला जातो. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत आयतेच उतरलेले असते. म्हशीत हा हिस्सा जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून पान्ह्यावाचून गाय थोडे तरी देते, म्हैस जवळपास काहीच देत नाही. सुईचा नाद तबेल्यात जास्त दिसतो त्याचे एक कारण हेच.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑक्सिटोसिन दूध *वाढवत* नाही. कासेत आधीच तयार असलेले दूध ते फक्त बाहेर काढते. रोज सुई घेणाऱ्या जनावराला मात्र तिची सवय लागते आणि मग वासरू समोर असले तरी ते पान्हवत नाही. "इंजेक्शन बंद केलं की दूध बंद," असे गोठेवाले सांगतात ते खोटे नसते. ती सवय त्यांनीच लावलेली असते.

पेल्यापर्यंत काय पोचते?

आता पहिला प्रश्न. सुई टोचलेल्या म्हशीचे दूध प्यायल्याने मुली लवकर वयात येतात, गर्भ पडतो, असे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. शास्त्राच्या बाजूने पाहिले तर यात दम नाही, आणि त्याची कारणे साधी आहेत.

पहिले, ऑक्सिटोसिन रक्तात फार वेळ टिकत नाही. काही मिनिटांतच त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. दुसरे, ते प्रथिनाच्या जातीचे आहे. डाळीतले किंवा अंड्यातले प्रथिन जसे पोटात फुटते, तसेच हेही फुटते. म्हणून तर दवाखान्यात बाळंतिणीला ते गोळीने देत नाहीत, सुईने किंवा सलाइनमधून देतात. तिसरे, ते इस्ट्रोजेनसारखे स्त्रीत्वाचे संप्रेरक नाही, तेव्हा वयात येण्याशी त्याचा तसा संबंध जोडता येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने म्हशींच्या दुधावर अभ्यास केला, तेव्हा सुई दिलेल्या आणि न दिलेल्या जनावरांच्या दुधात ऑक्सिटोसिनच्या प्रमाणाचा लक्षणीय फरक आढळला नाही, आणि पचनाच्या प्रयोगात ते झपाट्याने मोडले.

यावरून दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवा. कोणत्याही सस्तन प्राण्याच्या दुधात थोडी संप्रेरके निसर्गतःच असतात. त्यामुळे पाकिटावर किंवा जाहिरातीत "हार्मोन-फ्री दूध" असे दिसले, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. असे दूध जगात नसते. विक्रेता फार तर "आम्ही जनावरांना हार्मोन टोचत नाही" एवढेच प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

मग काळजी कशाची? बिनचिठ्ठीच्या बाटलीत ऑक्सिटोसिनखेरीज आणखी काय आहे, पाणी कुठले, ते कुठे भरले, हे कोणालाच ठाऊक नसते. एकच सुई सगळ्या रांगेला टोचली की एका जनावराचा रोग दुसऱ्याला जातो. आजारी जनावराला प्रतिजैविके दिली जातात, आणि ती दुधात उतरतात. हा आडवळणाचा रस्ता आपण विसरतो. तो किती महत्त्वाचा आहे हे परदेशातल्या एका गाजलेल्या वादातून नीट कळते.

एकच हार्मोन, तीन सरकारे, दोन निकाल

अमेरिकेत गाईंना दुसरेच हार्मोन देतात: बोव्हाइन सोमॅटोट्रोपिन, म्हणजे गाईचे वाढीचे संप्रेरक, कारखान्यात जिवाणूंकडून बनवून घेतलेले. हे मात्र दूध खरोखर वाढवते. मोन्सॅन्टो कंपनीच्या 'पोसिलॅक' या इंजेक्शनला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर १९९३ मध्ये परवानगी दिली आणि १९९४ च्या फेब्रुवारीत ते बाजारात आले. दर चौदा दिवसांनी एक सुई. प्रशासनाचे म्हणणे असे होते: हे प्रथिन पोटात फुटते, आणि फुटले नाही तरी गाईचे वाढीचे संप्रेरक माणसाच्या शरीरात लागू पडत नाही. १९५० च्या दशकात खुज्या मुलांची वाढ व्हावी म्हणून गाईचे संप्रेरक टोचून पाहिले होते, ते निरुपयोगी ठरले होते, हा त्या युक्तिवादातला पक्का पुरावा.

कॅनडाने तोच कागद वेगळ्या तऱ्हेने वाचला. तिथल्या आरोग्य खात्याने दोन वेगळ्या समित्या नेमल्या. माणसांच्या डॉक्टरांची समिती म्हणाली, दूध पिणाऱ्याला लक्षणीय धोका दिसत नाही. पशुवैद्यांची समिती म्हणाली, या सुईने कासदाहाचा धोका २५ टक्क्यांपर्यंत, वांझपणाचा १८ टक्क्यांनी आणि लंगडेपणाचा ५० टक्क्यांच्या आसपास वाढतो. जानेवारी १९९९ मध्ये कॅनडाने परवानगी नाकारली. युरोपीय संघानेही जनावरांच्या हिताचे कारण देऊन १९९९ च्या अखेरीस बंदीवर कायमचे शिक्कामोर्तब केले.

तीन सरकारे, एकच सुई, आणि माणसाच्या पोटाबद्दल फारसे मतभेद नसताना निकाल मात्र दोन. आपण यातून एवढे घ्यावे: *माणसाला अपाय होतो का* आणि *परवानगी द्यावी का* हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कासदाह वाढला की प्रतिजैविके वाढतात आणि त्यांचे अंश शेवटी माणसापर्यंत येतात. जनावराच्या कासेची काळजी घेणे हा माणसाच्या अन्नसुरक्षेचाच भाग ठरतो.

आपल्याकडे देखरेख कोणाची?

आपल्याकडे ऑक्सिटोसिनच्या त्या एका बाटलीवर तीन कायद्यांची नजर आहे. कुठे तक्रार करायची हे ठरवण्यासाठी ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

*औषधाचा कायदा.* ऑक्सिटोसिन हे शेड्यूल एच मधले औषध आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. इंजेक्शन एकेका मात्रेच्या ब्लिस्टर पॅकमध्येच विकले पाहिजे, असा नियम आहे. २०१४ च्या जानेवारीतल्या अधिसूचनेनुसार कच्चा माल फक्त परवानाधारक औषध उत्पादकांनाच द्यायचा आणि जनावरांसाठीचे ऑक्सिटोसिन फक्त पशुवैद्यकीय दवाखान्यांनाच विकायचे. तेव्हा शंभर मिलिलिटरची बिनचिठ्ठीची बाटली दिसली की दुसरा पुरावा शोधत बसायला नको. ती बाटलीच बेकायदा आहे. परवाना नसताना औषध बनवून विकणाऱ्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात किमान तीन वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे.

*जनावराचा कायदा.* प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्याच्या कलम १२ मध्ये 'फुंका' आणि 'डूम देव' असे दोन जुने शब्द आहेत. जनावराच्या योनीत हवा फुंकून किंवा काही घालून दूध काढायची ही जुनी क्रूर रीत. कलकत्त्याहून आलेल्या लिखाणातून गाई-म्हशींचे असे हाल कळले, तेव्हा १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजींनी दूध सोडले होते. पुढे याच कलमात "कोणताही पदार्थ टोचणे" हेही आले. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक ठरणारे इंजेक्शन देणे हा दखलपात्र गुन्हा आहे. पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात. शिक्षा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या डेअऱ्यांबाबत हेच बजावले आणि दर आठवड्याला तपासणी करायला सांगितले. एक हजार रुपये ही रक्कम आज एका म्हशीच्या एक-दोन दिवसांच्या दुधाइतकीच. म्हणूनच तक्रार करताना शक्य असेल तिथे औषधाच्या कायद्याचाही उल्लेख करावा.

*अन्नाचा कायदा.* २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम २१ प्रमाणे पशु-औषधांचे, प्रतिजैविकांचे आणि औषधी गुण असलेल्या पदार्थांचे अंश ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असता कामा नयेत. कलम १८ मध्ये मात्र शेतकरी, शेतीची कामे आणि पशुधन यांना हा कायदा लागू नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. अन्न निरीक्षकाचा अधिकार गोठ्याच्या दाराशी थबकतो तो इथेच. शिवाय सहकारी दूध संस्थेला आपले सगळे दूध घालणाऱ्या सभासद उत्पादकाला नोंदणीही लागत नाही. म्हणजे अन्नावरची देखरेख सुरू होते ती दूध गोठ्यातून बाहेर पडल्यावर, आणि सुई टोचली जाते ती त्याच्या आधी.

अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यांत ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित निघाले. धोकादायक ठरलेल्या ४५६ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर होते आणि ७७ मध्ये प्रतिजैविके. भेसळीमुळे धोकादायक ठरले फक्त बारा. संप्रेरके या तपासणीच्या यादीत नव्हती, आणि वर सांगितलेले शास्त्र पाहता त्यात नवल नाही. पण आकडे नीट पाहा. सगळ्यात मोठा दोष निघाला तो बुरशी लागलेल्या चाऱ्याचा आणि पेंडीचा, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तिथूनच दुधात येते. दूध उकळून ते जात नाही. प्रतिजैविकांचे अंशही उकळण्याने जातील असा भरवसा धरता येत नाही. घरातल्या चर्चेत सुईला जेवढा वेळ मिळतो, त्यातला थोडा या दोन्हींना मिळायला हवा.

सरसकट बंदी का चालली नाही?

"मग हे औषधच बंद का करत नाहीत?" हा प्रश्न हमखास येतो. सरकारने जवळपास तेच करून पाहिले. २७ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने खासगी कंपन्यांना देशात विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायला मनाई झाली आणि ते काम बंगळुरूच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीकडे सोपवले गेले. आयातही थांबवली. कारण होते गोठ्यांतला गैरवापर.

पण बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूंचे एक मोठे कारण आहे, आणि तो टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना पहिली शिफारस करते ती १० युनिट ऑक्सिटोसिनची. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आडगावी वेळेवर थंडच पोचले पाहिजे, तरच त्याचा उपयोग. सगळ्या देशाचा भार एका कारखान्यावर टाकला आणि तिथे काही अडले, तर किंमत बाळंतीण मोजणार. औषध कंपन्या आणि ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली. निर्णयाला शास्त्रीय आधार नाही आणि स्त्रियांच्या जिवावर काय परिणाम होईल याचा विचार झालेला नाही, असे न्यायालयाला दिसले. सरकार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

गोठ्यातली बाटली आणि दवाखान्यातली कुपी एकाच औषधाची असली, तरी त्या एकाच वाटेने येत नाहीत. कुपीवर परवाना क्रमांक असतो, बाटलीवर काहीच नसते. नजर ठेवायची ती बाटलीवर.

ग्राहकांनी काय करावे?

१. *दूध बंद करू नका.* मुलांचे, गरोदर बाईचे दूध या भीतीने तोडण्याचे कारण नाही. तापवून, स्वच्छ भांड्यात, झाकून ठेवा. सुटे दूध तर न तापवता पिऊच नका.

२. *रतीबवाल्याची नोंदणी विचारा.* दूध विकणाऱ्याकडे अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना हवा. क्रमांक चौदा अंकी असतो. तो सांगायला का-कू करणारा माणूस बाकीच्या प्रश्नांनाही बगल देणार.

३. *एकदा गोठा पाहा.* शक्यतो धारेच्या वेळी. वासरे, रेडके दिसतात का? सुया आणि बाटल्या कुठे पडल्या आहेत? पेंडीच्या पोत्यांना बुरशी आहे का? दहा मिनिटांत जे दिसते ते कोणत्याही घरगुती चाचणीत कळत नाही. आणि हो, सुई दिल्याचे दुधावरून ओळखणारी कोणतीही घरगुती चाचणी नाही. तसा दावा करणाऱ्या चित्रफिती पुढे पाठवू नका.

४. *शंका असेल तर नमुना तपासून घ्या.* अन्न कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. नमुना कायद्याच्या कसोटीला उतरला नाही तर शुल्क परत मिळते. तपासणी मागताना प्रतिजैविके आणि अफ्लाटॉक्सिन यांचा नाव घेऊन उल्लेख करा.

गोठेवाल्यांनी काय करावे?

१. *धारेची शिस्त पाळा.* वेळ तीच, माणूस तोच, जागा तीच. कास कोमट पाण्याने धुऊन पुसा, हलका मसाज करा, समोर आंबोण ठेवा. मारणे, ओरडणे, अनोळखी माणसांची वर्दळ टाळा. म्हशीला पान्हवायला गाईपेक्षा जास्त वेळ लागतो. तिला तेवढा वेळ द्या.

२. *रेडकू जगवा.* नर रेडकाच्या तोंडचे दूध वाचवायचे म्हणून त्याला उपाशी ठेवले जाते, ते दगावते, आणि मग सुई येते. हिशेब करून पाहा: रेडकाला पाजलेले दूध जास्त की पुढचे सारे वेत सुईवर काढण्याचा आणि भाकड काळाचा खर्च जास्त?

३. *सवय सोडवायची तर पशुवैद्याला विचारून.* एकदम बंद केले तर काही दिवस दूध चोरले जाईल आणि कासेत साचलेल्या दुधाने कासदाह होऊ शकतो. हे काम पशुवैद्याच्या नजरेखाली करा. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरते पशुवैद्यकीय पथक येऊ शकते.

४. *योग्य उपयोग आणि गैरवापर यांत फरक ठेवा.* वार अडणे, प्रसूतीतल्या अडचणी, काही प्रकारचा कासदाह यांत पशुवैद्य ऑक्सिटोसिन देतात. जनावर माजावर आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनसारखी संप्रेरकेही देतात. ती त्यांनीच, त्यांच्या हाताने आणि नोंद करून द्यावीत.

५. *घरातल्या बायकांना जपा.* ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. संप्रेरकांचा खरा धोका दूध पिणाऱ्यापेक्षा सिरिंज भरणाऱ्याला आहे. प्रोस्टाग्लँडिन कातडीतूनही अंगात भिनते. गरोदर बाईने आणि दम्याच्या रोग्याने त्या कुपीला हात लावू नये. ऑक्सिटोसिनची सुई चुकून स्वतःला टोचली गेली तर गरोदर बाईला कळा सुरू होण्याची भीती असते. गोठ्याचे काम घरच्या सुनेकडे असते तिथे हा नियम आधी सांगा.

तक्रार कशी करावी?

महाराष्ट्रात एक सोय आहे: अन्न आणि औषध ही दोन्ही कामे अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे एकाच छताखाली आहेत. टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. गोव्यातही अन्न व औषधांचे एकच संचालनालय आहे. देशपातळीवर अन्न प्राधिकरणाचा क्रमांक १८००-११२-१०० आणि 'फूड सेफ्टी कनेक्ट' हे अ‍ॅप आहे.

बिनचिठ्ठीची बाटली विकली जात असेल तर तक्रार औषध निरीक्षकाच्या नावे करा. दुधाबद्दल असेल तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या नावे. सुई टोचताना पाहिले असेल तर ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा आणि जनावराच्या कायद्यातल्या कलम १२ चा उल्लेख करा. तक्रारीत ठिकाण, तारीख, वेळ आणि बाटलीचा फोटो असू द्या. "सगळेच असे करतात" असे मोघम लिहू नका. निरीक्षकाला एक पत्ता हवा असतो, समाजाबद्दलचे मत नको असते. बाटली स्वतः उचलून आणू नका आणि गोठेवाल्याशी भांडूही नका. अर्जाची पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात त्या अर्जावर काय कारवाई झाली एवढेच विचारा.

आणि सगळ्यात आधी एक प्रश्न आपल्या गवळ्याला. कायद्याची नजर गोठ्याच्या दाराशी थांबते, तेव्हा आत डोकावण्याचे काम दूध घेणाऱ्यानेच करायचे. फॅट किती आणि भाव काय हे आपण रोज विचारतो. उद्या तो दारात आला की भावाच्या आधी विचारा, "हिचं रेडकू जिवंत आहे का?" ते जिवंत ठेवण्यासाठी लिटरमागे दोन रुपये जास्त मागितले, तर ते द्या.